परत आलेला डबा

जालना जिल्ह्यात अंबडच्या बाजूला एक गाव होतं. गावाभोवती मोसंबीच्या बागा होत्या, बागांपलीकडे कापूस होता आणि कापसाच्या कडेला, ओढ्याच्या काठावर, पत्र्याचं छप्पर असलेलं एक लहानसं चर्च होतं. चर्चची इमारत नवी होती, मंडळी मात्र जुनी होती. पणजोबा-खापरपणजोबांच्या काळापासून ही घरं प्रभूचं नाव घेत आली होती.

मंडळी तशी सगळ्या थरांतली होती. शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी होते. शहरातल्या दवाखान्यात नोकरी करणाऱ्या दोन सिस्टर होत्या. एक बागाईतदार होते, त्यांना लहानथोर सगळे दादा म्हणत. चर्चचे पंखे दादांनी दिले होते, खुर्च्या दादांनी दिल्या होत्या आणि पत्र्याच्या खर्चातही त्यांचाच वाटा मोठा होता. बाकीची घरं हातावर पोट असलेली. त्यांतली काही बिऱ्हाडं दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन ऊसतोडीला जात. जी मागे राहत, ती कापूस वेचायला जात.

जुने पाळक गावातच राहत आणि रविवारची उपासना संध्याकाळी घेत. ते निवृत्त झाले आणि नवे पाळक आले. ते तरुण होते, पुण्याला शिकलेले होते, आवाज गोड होता आणि कामाची हौस होती. त्यांच्याकडे तीन गावं होती आणि एक मोटारसायकल होती.

पहिल्याच महिन्यात त्यांनी पंच कमिटीपुढे विषय ठेवला. तीन गावांच्या तीन उपासना एकाच दिवशी बसवायच्या तर या गावची सकाळी नऊला घ्यावी, असं ते म्हणाले. कमिटीला ते पटलं. रात्री वीज जायची. रस्त्याला खड्डे होते. गुरुजींना अंधारात दिसत नव्हतं. सिस्टरांना दुपारची ड्यूटी असायची. दादांनाही सकाळ बरी पडायची, कारण संध्याकाळी त्यांच्याकडे व्यापारी येऊन बसत. एकेक कारण खरं होतं. ठराव लिहिला गेला, खाली सह्या झाल्या. त्या सह्यांत वेचणीला जाणाऱ्या घरातली एकही सही नव्हती, कारण कमिटीत त्यांच्यातलं कुणी नव्हतं.

पावसाळ्यात सगळं सुरळीत चाललं. पाऊस लागला की कामाला खाडा पडायचा आणि माणसं उपासनेला यायची. सतरंज्या भरून जायच्या. पाळकांना वाटलं, वेळ बदलली ते बरंच झालं.

मग पऱ्हाटीला बोंडं फुटली.

कापूस फुटला की त्याला रविवार-सोमवार कळत नाही. वेचायला उशीर झाला तर तो जमिनीवर गळतो, त्याला काडीकचरा चिकटतो. वरून एखादी सर आली तर पिवळा पडतो आणि भाव मोडतो. म्हणून शेतकरी घाई करतो आणि मजुरालाही घाई असते, कारण वेचणीची मजुरी किलोवर मिळते आणि हंगाम थोडे दिवसच असतो. दव वाळलं की बाया ओळीत उभ्या राहत, कमरेला ओटी बांधून, आणि दिवस कलेपर्यंत वेचत राहत. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटं ओरखडत. संध्याकाळी गाठोडी बांधायची, काट्यावर लावायची, मुकादमाच्या वहीत आकडा लिहून घ्यायचा आणि मग घर.

प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी असायचं. त्या हंगामातल्या पहिल्या प्रभुभोजनाच्या रविवारी पाळक नेहमीसारखे पावणेनऊला आले. घंटा वाजत होती. तेवढ्यात चर्चसमोरून एक टेम्पो गेला. आत बाया दाटीवाटीनं उभ्या होत्या, डोक्याला फडकी बांधलेली, हातात जेवणाची फडकी. त्यांतल्या एकीनं हात वर केला आणि ओरडून म्हणाली, "सलाम, पास्टर साहेब!" पाळकांनीही हात वर केला. टेम्पो धूळ उडवत वळणाआड गेला. घंटा वाजतच होती.

आत खुर्च्यांवर माणसं बसली होती. सतरंज्या मोकळ्या होत्या.

उपासनेनंतर पाळकांनी कमिटीला विचारलं, "निम्मी मंडळी प्रभुभोजनाला मुकली. काय करायचं?"

दादांना लगेच उपाय सुचला. घरून ते स्टीलचा एक नवा डबा घेऊन आले. "प्रार्थना झालेली भाकर या डब्यात ठेवा, रस छोट्या बाटलीत भरा," ते म्हणाले. "संध्याकाळी पोरगं घरोघर पोचवील. कुणी मुकायला नको." पाळकांना हायसं वाटलं. आजारी माणसाला घरी जाऊन प्रभुभोजन देतातच की, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. गुरुजींचा नातू सायकलवर डबा घेऊन गेला. बाया नुकत्याच आल्या होत्या, कुणी चूल पेटवत होती, कुणी हात धूत होती. पोरानं दारातूनच तुकडे दिले आणि पुढच्या घरी गेला. पाव घंट्यात काम उरकलं.

दुसऱ्या महिन्यात डबा परत आला. भरलेलाच आला.

तो घेऊन एक म्हातारी आली. दुसऱ्या रविवारची सकाळ होती, टेम्पो यायला थोडा वेळ होता. तिच्या डोक्याला फडकं होतं आणि कमरेला ओटी खोचलेली होती. तिनं डबा मेजावर ठेवला.

"काहून परत आणला, आजी?" पाळकांनी विचारलं. त्या बाजूला राहून त्यांच्याही तोंडात तिथली बोली बसली होती.

"पोरींनी घेतला न्हाई, साहेब. म्याच सांगितलं, घेऊ नका म्हून."

"अहो, त्या भाकरीवर प्रार्थना झालेली आहे."

"व्हय, ठावं हाय मला. म्हून तर फेकली न्हाई, परत आणली." म्हातारी थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, "मही आज्जी सांगायची. ती ल्हान व्हती तवा तिची माय टोपलं घेऊन गावात भाकर मागाया जायची. सगळ्यायचं जेवून झालं की उरलंसुरलं वरून टोपल्यात पडायचं. मग तिच्या बापानं बाप्तिस्मा घेतला. मेजावर बसला. त्या दिशी मायनं टोपलं चुलीत घातलं. तवापासून आमच्या घरात उरलेलं कुणी घेतलं न्हाई." तिनं डब्याकडे बोट केलं. "ह्ये बी उरलेलंच हाय का न्हाई, साहेब? तुमचं झाल्यावर आलेलं?"

पाळकांना उत्तर सुचलं नाही.

"आजाऱ्याला घरी देतेत, त्याचं येगळं," म्हातारी म्हणाली. "आमी काय आजारी न्हाई. आमी कामाला जातो." बाहेर टेम्पोचा भोंगा वाजला. तिनं ओटी सारखी केली आणि ती गेली.

म्हातारीचं माहेर बेथेलकडचं होतं, आणि त्या बाजूच्या माणसांना अशा गोष्टी पाठ असतात. 1843 साली नारायण शेषाद्री नावाच्या एका ब्राह्मण तरुणानं मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी तिकडे स्कॉटलंडमध्ये साडेचारशेच्या वर पाळकांनी सरकारी चर्च सोडलं. मंडळीवर कोण पाळक नेमायचा हे जमीनदारानं ठरवू नये, हे त्यांचं मुख्य म्हणणं होतं. त्यापायी पगार गेला, राहती घरं गेली, चर्चच्या इमारती गेल्या. काही ठिकाणी जमीनदारांनी नव्या चर्चला जागा दिली नाही, तेव्हा त्यांनी उघड्यावर उपासना केली. त्यांनी काढलेल्या या फ्री चर्चचे पाळक होऊन नारायण शेषाद्री 1860 च्या दशकात जालन्याला आले. पुढे निजाम सरकारकडून जमीन मिळाली आणि जालन्याजवळ बेथेल वसलं. त्यांच्याकडे आलेली माणसं बहुतेक मांग आणि महार समाजांतली होती. या दोन समाजांतही तेव्हा एकमेकांच्या हातचं खाल्लं जात नसे. त्या सगळ्यांनी एका मेजावर, एका भाकरीतलं, एका प्याल्यातलं घ्यायचं होतं आणि ते द्यायला उभा होता एक ब्राह्मण. गावात राहायचं, गावातच काम मागायचं आणि असं वागायचं, म्हणजे केवढं अवघड असेल याचा आज अंदाज करवत नाही. सोयीचं तर ते कुणालाच नव्हतं.

त्या रविवारी पाळकांनी तिन्ही गावांच्या उपासना उरकल्या आणि रात्री खोलीवर आले. डबा त्यांच्या पिशवीत होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि शास्त्र उघडलं.

प्रभुभोजनाच्या वेळी ते दर महिन्याला एकच वाचन करत. करिंथच्या मंडळीला पौलानं लिहिलेल्या पहिल्या पत्रातला अकरावा अध्याय, तेविसाव्या वचनापासून. प्रभूला धरून देण्यात आलं त्या रात्री त्यानं भाकर घेतली, इथून सुरुवात व्हायची आणि चार वचनांनी वाचन थांबायचं. सगळीकडे तसंच वाचतात. त्यांना ते तोंडपाठ होतं. त्या रात्री त्यांनी बोट जरा वर नेलं आणि सतराव्या वचनापासून वाचायला घेतलं.

तिथे पौल रागावलेला होता. तुम्ही जमता त्यानं भलं होत नाही, उलट वाईटच होतं, असं तो त्या मंडळीला सुनावत होता. जो तो आपलं जेवण आधीच उरकतो, एक जण भुकेला राहतो आणि दुसरा पिऊन तर्र होतो. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही खाली बघायला लावता. करिंथ हे दोन बंदरांचं श्रीमंत शहर होतं. मंडळीत घरंदाज माणसं होती, हमाल होते, गुलाम होते. ज्यांचा वेळ त्यांच्या हातात होता ते बहुधा दिवसाउजेडी येऊन बसत. ज्यांचा वेळ मालकाच्या हातात होता ते अंधार पडल्यावर येत. तोवर ताटं रिकामी झालेली असत. पाळकांनी बोट खाली नेलं. पाठ असलेली वचनं ओलांडली आणि तेहेतिसाव्या वचनाशी आले. एवढं रागावून, एवढं समजावून, पौलानं शेवटी सांगितलं होतं ते अगदी साधं होतं. जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

पाळकांनी डबा उघडला. तुकडे वाळून कडक झाले होते. पाणी घेऊन ते त्यांनी बसून खाल्ले, एक एक करून, सगळे.

कमिटीची बैठक दादांच्या ओसरीवर भरली. पाळकांनी म्हातारीचं बोलणं सांगितलं आणि तो अख्खा अध्याय वाचून दाखवला.

दादा म्हणाले, "साहेब, शास्त्र खरं आहे. पण कापूस लोंबतोय झाडाला. रविवारी वेचणी बंद करा म्हणता का? माझं सोडा, त्या बायांनाच विचारा. खाडा त्यांना परवडंल का?" ते काही खोटं बोलत नव्हते.

गुरुजी इतिहासाचे शिक्षक होते. ते म्हणाले, "दादांचं म्हणणं जुनंच आहे. रविवारची सुट्टी मुळात सम्राट कॉन्स्टंटाईननं 321 साली हुकूम काढून दिली. शहरातल्यांना सुट्टी, कारागिरांना सुट्टी. पण त्याच हुकमात लिहिलं होतं की शेतीची कामं करायला हरकत नाही, पेरणीची आणि लागवडीची वेळ टळून चालत नाही."

दादा हसले. "बघा. राजालासुद्धा कळलं."

"गुरुजी," पाळकांनी विचारलं, "आणि 321 च्या आधी? तेव्हा रविवारी कुणालाच सुट्टी नव्हती. मग मंडळी जमायची कधी?"

गुरुजी विचारात पडले. मग म्हणाले, "प्लिनी नावाचा एक रोमन सुभेदार होता. साधारण 112 सालची गोष्ट. ख्रिस्ती लोक काय करतात, हे त्यानं बादशहाला लिहून कळवलं. ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात, पुन्हा नंतर जेवायला एकत्र येतात, असं त्यात आहे."

"म्हणजे कामाच्या आधी आणि कामाच्या नंतर," पाळक म्हणाले.

ओसरीवर कुणी बोलेना. एका सिस्टरनं विचारलं, "मग आता?"

"वेचणी बंद करा असं मी म्हणत नाही," पाळक म्हणाले. "पहिल्या रविवारी प्रभुभोजन संध्याकाळी घेऊ. मी त्या रात्री गावातच मुक्काम करीन."

"किती वाजता?"

"बाया आल्या की."

"आणि नाही आल्या वेळेवर तर? किती थांबायचं?"

"त्या येईपर्यंत," पाळक म्हणाले.

दादांना ते आवडलं नाही. गुरुजींनाही फारसं आवडलं नाही, त्यांचे डोळे तेच होते आणि अंधारही तोच होता. पण ठराव झाला. अडचण पाळकांनाही होतीच. त्याच सुमाराला शहरातल्या एका मोठ्या मंडळीनं त्यांना महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळच्या सभेत संदेश द्यायला बोलावलं होतं. तिथे मान होता, माईक होता आणि निरोपाच्या वेळी हातात पाकीट मिळायचं. त्यांनी कळवून टाकलं की जमणार नाही.

पहिला रविवार आला. गुरुजींच्या सुनेनं आदल्या रात्री काळे मनुके भिजत घातले होते. सकाळी ते उकळून, कुस्करून, फडक्यातून गाळून रस काढला. संध्याकाळी मेजावर पांढरं कापड अंथरलं. सातला माणसं जमली. गायनं झाली. ढोलकी वाजवणाऱ्या पोराचा हात चांगला होता, त्यामुळे पहिला पाऊण तास बरा गेला. मग वीज गेली. कंदील लावला. लहान मुलं आयांच्या मांडीवर झोपली. गुरुजी खुर्चीत पेंगायला लागले. सतरंज्या रिकाम्याच होत्या.

आठ वाजले. दादांनी घड्याळ पाहिलं, पाळकांकडे पाहिलं. पाळकांनी आणखी एक गाणं सांगितलं.

साडेआठला दादा उठले. "साहेब, सुरू करा आता. डबा आहेच की. आज मी स्वतः पोचवतो घरोघर."

"थांबू थोडं," पाळक म्हणाले.

दादांनी दारात बसलेल्या एका पोराला हाक मारली. "जा रे, बघून ये. कुणाच्या वावरात आहेत ह्या बाया? काय मध्यरात्रीपर्यंत राबवतो का कोण?"

पोरगं जागचं हललं नाही. जमिनीकडे बघत म्हणालं, "दादा, आपल्याच वावरात हायेत. काटा चालू हाय अजून."

कंदिलाच्या उजेडात सगळे दादांकडे पाहू लागले आणि लगेच दुसरीकडे पाहू लागले. दादा क्षणभर तसेच उभे राहिले. मग त्यांनी खिशातून पिकअपची किल्ली काढली आणि ते बाहेर पडले.

वावरात एक बॅटरी लावून मुकादम वजन करत होता. एकटाच होता, त्यामुळे काम रेंगाळलं होतं. त्यानंच गाठोडं काट्याला अडकवायचं, त्यानंच आकडा बघायचा, त्यानंच वहीत लिहायचं. बाया बांधावर बसल्या होत्या. दादा म्हणाले, "राहू द्या आता. उरलेली गाठोडी उद्या मोजू. चला, चर्चमध्ये सगळे थांबलेत."

एकही बाई उठली नाही.

"काय झालं?"

म्हातारी त्यांच्यातच होती. ती म्हणाली, "दादा, रातभर माल उघड्यावर राहिल. उद्या आकडा कमी भरला तर कुणाला इचारायचं?"

दादांना राग आला. आपल्या शब्दावर विश्वास नाही याचा आला. तो त्यांनी गिळला. मागच्या हंगामात वहीतल्या आकड्यांवरून दोन वेळा कटकट झाली होती आणि दोन्ही वेळा त्यांनी मुकादमाचंच खरं मानलं होतं, हे त्यांच्या लक्षात होतं. त्यांनी बाह्या सारल्या. एक-एक गाठोडं स्वतः उचलून काट्याला लावलं, बॅटरी जिच्या कापसाचं वजन चाललं होतं तिच्याच हातात दिली आणि आकडा तिला मोठ्यानं वाचायला लावला. जिला वाचता येत नव्हतं तिच्यासाठी शेजारची पोरगी वाचत होती. मुकादम नुसता लिहीत होता. बरीच वर्षं दादांनी काट्याला हात लावला नव्हता. शेवटच्या गाठोड्यापर्यंत त्यांची पाठ भरून आली.

इकडे चर्चमध्ये माणसं थांबली होती. एवढा वेळ नुसतं एकत्र बसायची कुणाला सवय नव्हती. आधी कुरबुर झाली. मग गोष्टी निघाल्या. कुणाची सून बाळंतपणाला माहेरी गेली होती, कुणाच्या विहिरीनं तळ गाठला होता. खुर्च्यांवरची दोन-तीन माणसं पाय आखडले म्हणून खाली सतरंजीवर येऊन बसली आणि तिथेच राहिली.

साडेनऊ होऊन गेले तेव्हा पिकअप आली. बाया उतरल्या. केसांना कापसाचे धागे चिकटलेले होते, हात-पाय मातीनं भरलेले. हौदावर हात धुऊन त्या आत आल्या. सतरंजीवर आधीच माणसं बसली होती म्हणून काही जणींना खुर्च्यांवर बसावं लागलं. दादा सगळ्यांत शेवटी आले आणि दाराजवळ जागा मिळाली तिथे टेकले. हाताला काट्याचा गंज लागला होता.

पाळकांनी अध्याय सतराव्या वचनापासून वाचला आणि शेवटपर्यंत वाचला. संदेश दिला नाही. रात्र फार झाली होती. भाकर मोडली. तुकडे एका हातातून दुसऱ्या हातात गेले, मग प्याला गेला.

त्या रात्री एक सिस्टर मात्र नव्हती. तिला रात्रपाळी होती आणि ती आठलाच निघून गेली होती. ज्यांच्यासाठी थांबायचं त्यांत तीही होती, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. पुढच्या महिन्यापासून तारीख ठरवण्याआधी तिचं ड्यूटीचं वेळापत्रक मागवायची रीत पडली. वेचणीला जाणारी एक बाई कमिटीवर घेतली गेली. तिला सही येत नव्हती, ती अंगठा उठवायची. तिचा अंगठा उठल्याशिवाय वेळेचा ठराव होईनासा झाला.

सकाळी नऊची वेळ काही पाप नव्हती. तिच्यामागचं एकेक कारण खरं होतं, आणि सोय पाहणं यात वाईट काही नसतंच. पण सोय ठरवायला बसलेल्या माणसांनी आपापलीच अडचण मांडली होती. मेज ज्याचं होतं, त्यानं ते कुणाकुणासाठी मांडलं हे कुणी विचारलं नव्हतं. ते विचारल्यावर पाळकांची संध्याकाळ गेली, गुरुजींची झोप गेली, दादांचा रुबाब थोडा उतरला. एवढी किंमत पडली.

सगळंच काही सरळ झालं नाही. दादांनी पहिल्या रविवारी दुपारी चारला काटा लावायचं ठरवलं, पण शेजारच्या वावरवाल्यांनी ते केलं नाही, आणि त्यांना सांगायला जायचा हक्क चर्चला नव्हता. एक कुटुंब उशीर होतो म्हणून शहरातल्या मंडळीत जाऊ लागलं. पाळकांच्या दुसऱ्या दोन गावांनी ऐकलं तेव्हा त्यांनीही संध्याकाळ मागितली. रविवारला संध्याकाळ एकच असते, म्हणून पहिला रविवार एका गावाला, दुसरा दुसऱ्याला, तिसरा तिसऱ्याला अशी वाटणी झाली आणि मोटारसायकलच्या दिव्यावर पाळकांचा बराच पैसा खर्च झाला.

पुढच्या हंगामात म्हातारीचे गुडघे धरले. वावरात जाणं बंद झालं. आता ती पहिल्या रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन भिंतीला टेकून बसायची. वेचणीच्या बाया येईपर्यंत तिचा जीव खालीवर व्हायचा. साडेसात झाले की ती पाळकांच्या मागे लागायची. पाळक म्हणायचे, "आजी, थांबायला तुम्हीच शिकवलं."

"म्या थांबा म्हणलं व्हतं," म्हातारी म्हणायची, "पर त्यायनी बी जरा हात उचलून येचाया पायजे का न्हाई? लई हळू येचतेत आजकालच्या पोरी. आमच्या टायमाला आसं नव्हतं." आणि मग ढोलकीवाल्या पोराला दरडावून आणखी एक गाणं लावायला सांगायची.